बोर्डाला भेटलेला सकाळचा माणूस

माझे दोन नवरे आहेत. एक सकाळचा, एक संध्याकाळचा. सकाळचा दाढी करतो, बूट चमकवतो, पाठ ताठ ठेवून पेपर वाचतो आणि शेजाऱ्यांच्या नळाला पाणी आलं की नाही याचीही चौकशी करतो. संध्याकाळच्याची डावी पापणी अर्ध्यावर उतरलेली असते, उजवी तिच्या मागोमाग निघालेली असते, जबडा हाताने धरून बसावं लागतं आणि बोलणं नाकातून येतं. दोघांचं आधार कार्ड एकच आहे. संसार मी दोघांशी केला, पण सरकारची ओळख फक्त सकाळच्याशी आहे, कारण सरकारी बोलावणं नेहमी सकाळी दहाचं असतं.

रोगाचं नाव मायस्थेनिया. हे नाव उच्चारायला मला महिना लागला आणि आता ते मी झोपेतही बिनचूक म्हणते. नस स्नायूला हुकूम देते, पण तो हुकूम स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. आराम केला की थोडा वेळ पोचतो, अवयव वापरला की पुन्हा अडतो. म्हणून पापणी, जबडा, जीभ, मान, जे जे दिवसभर वापरलं ते ते संध्याकाळी संपावर जातं. डॉक्टरने हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा हवालदारांना कळायला वेळ लागला नाही. "म्हंजे कमांड बरोबर हाय, जवान आयकून नाही राहिले," ते म्हणाले आणि डॉक्टर हसला. मला हसू आलं नाही.

हवालदार म्हणजे माझा नवरा. पाऱ्यातले, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले, सगळे त्यांना हवालदार साहेब म्हणतात, म्हणून मीही चिडले की तेच म्हणते, आणि मी बरेचदा चिडलेली असते. फौजेत ते ड्रिलचे उस्ताद होते. नवीन भरती झालेल्या पोरांना पाय कसा आपटायचा, मान कशी ठेवायची, नजर कुठे ठेवायची हे शिकवायचं त्यांचं काम. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराचा अंगठा पँटच्या शिवणीला लागला आहे की नाही हे त्यांना दिसायचं. आवाज असा, की सुट्टीवर घरी आले आणि नुसतं "पाणी आण" म्हणाले तरी शेजारच्या घरातलं बाळ रडायचं.

त्याच मैदानावर एका संध्याकाळच्या परेडला त्यांची पापणी खाली आली. एका साहेबाने पाहिलं. उस्ताद डोळे मिटून परेड घेतो म्हणजे काय समजायचं? त्याने जवळ बोलावलं, तोंड उघडायला लावलं आणि वास घेतला. आमच्या सासऱ्यांनी घरात बाटली कधी येऊ दिली नाही. रविवारी विहारात बसून दारूबंदीवर बोलणारा माणूस होता तो. त्यांच्या मुलाचं तोंड उघडून भर मैदानात रंगरूटांसमोर वास घेतला गेला. ही गोष्ट हवालदारांनी मला हसत हसत सांगितली, जणू कोणा दुसऱ्याचीच फजिती. मी त्या साहेबाला अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

त्यानंतर डोळ्यांत थेंब झाले, चष्मा झाला, "टेन्शन मत लो उस्ताद" झालं. जेवताना घास घशात अडकून पाणी नाकातून बाहेर आलं तेव्हा कुठे त्यांना मोठ्या इस्पितळात पाठवलं आणि रोगाला नाव मिळालं. नाव मिळालं तसं मैदान गेलं. बंदूक गेली. स्टोअरमध्ये बसून चादरी मोजायचं काम मिळालं. मग मुदत पुरी व्हायच्या आधीच घरी पाठवायचं ठरलं, आणि घरी पाठवण्याआधी मेडिकल बोर्ड बसलं.

बोर्ड म्हणजे एक टेबल आणि त्यामागे बसलेले डॉक्टर साहेब. ते बघतात, तपासतात आणि दोन गोष्टी लिहितात. माणूस किती टक्के मोडला, ही एक. आणि तो फौजेमुळे मोडला की आपला आपणच, ही दुसरी. वीस टक्क्यांच्या खाली असाल तर सरकारच्या लेखी तुम्ही मोडलेलेच नाही, म्हणजे अपंगाची पेन्शनही नाही. आमच्याकडे आईबाप पोरांच्या टक्क्यांसाठी नवस करतात. माझ्या मुलीला बारावीत इतके चांगले टक्के पडले की मी अख्ख्या पाऱ्यात पेढे वाटले. बापाला पडले पंधरा. मोडण्याच्या परीक्षेत आमचा माणूस नापास झाला.

आणि नापास का झाला, ते मला माहीत आहे, कारण त्या दिवसाची गोष्टही त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितली होती. फौजेत बोर्डासमोर जायचं म्हणजे इन्स्पेक्शनला जायचं. आदल्या दिवशी केस कापले. बुटांत तोंड दिसेपर्यंत पॉलिश केलं. लवकर झोपले. सकाळी गोळी घेतली. या रोगाची गोळी पोटात गेली की पाऊण तासात पापण्या वर जातात आणि तीन-चार तास माणूस माणसात राहतो. सकाळची पहिली गोळी तर सगळ्यात गुणाची. दहा वाजता हे त्या टेबलासमोर सावधान उभे राहिले.

"कैसे हो उस्ताद?" साहेबाने विचारलं.

"एकदम ठीक हूँ साब."

साहेबाने आपली दोन बोटं पुढे केली आणि दाबायला सांगितली. हवालदारांनी अशी दाबली की साहेब म्हणाला, "बस बस, तोडोगे क्या." ही बोटं दाबल्याची गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकली आहे. त्या दाबण्याने आपलेच टक्के दाबले गेले, हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर आणखी झकास होतं. रोगाचा नोकरीशी संबंध नाही, तो माणसाच्या शरीराच्या घडणीतलाच आहे, असं लिहिलं. वा रे घडण. भरतीच्या वेळी याच लोकांनी त्यांची छाती मोजली होती, दात पाहिले होते, पापण्या उलट्या करून डोळे पाहिले होते, उन्हात पळवलं होतं. तेव्हा हीच घडण ठणठणीत होती. एक दात किडका निघाला तरी घरी हाकलतात ते. घेताना माल चोख आणि परत करताना म्हणे पहिल्यापासूनच खोट होती. सदर बाजारातला दुकानदारही तोंडावर असं बोलत नाही.

आम्ही रायपूरला आलो, सासऱ्यांनी रेल्वेच्या नोकरीत असताना बांधलेल्या घरात. सासू-सासरे तोवर गेले होते. हवालदारांना रिकामं बसणं माहीत नाही. शहराबाहेर उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांना फाटकावर काम मिळालं, गाड्यांची नोंद करायचं. सकाळी छान चालायचं. ड्रायव्हर लोक त्यांना सलाम ठोकायचे, रांगेत गाड्या लावायचे. पण उरल्याचं ऊन आणि वरून भट्टीची धग, आणि उष्णता म्हणजे या रोगाची सख्खी बहीण. दुपार झाली की त्यांना एका ट्रकच्या जागी दोन ट्रक दिसायचे. एका दिवशी त्यांनी एकच गाडी दोनदा आत घेतली. मालकाच्या माणसाने चहा पाजला, हात जोडले आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला. घरी येऊन हवालदारांनी मला सांगितलं की तिथली धूळ त्यांना मानवत नाही. खरी गोष्ट मला त्या फाटकावरच्या चहावाल्या दीदीकडून कळली.

आमच्या घरी रविवारचं मटण सकाळी नऊला खाल्लं जातं. संध्याकाळी चावता येत नाही म्हणून. मी पहाटे उठून मसाला वाटते आणि पाऱ्यातल्या बाया नाकाला पदर लावून विचारतात, "इत्ते सबेरे मटन, भाभी?" मी म्हणते, हव, आमच्यात अशीच रीत आहे. रात्री त्यांच्या ताटात घोटलेली खिचडी असते. हा माणूस लग्नाच्या पंक्तीत हाडं फोडून खायचा.

नातेवाईकांनाही सकाळचाच माणूस माहीत. लग्नं, साखरपुडे, गृहप्रवेश सगळं दिवसाढवळ्या. हे गोळी घेऊन, कोट घालून जातात आणि गर्दी वाढायच्या आत मी त्यांना घरी आणते. माझा चुलतदीर एका लग्नात माझ्या तोंडावर म्हणाला, "वहिनी, दादा तं नवरदेवापेक्षा तरतरीत दिसून राहिले. अपंगाची पेन्शन कायले पायजे यायले?" मी हातातली जिलेबी ताटात ठेवली आणि म्हणाले, "संध्याकाळी या घरी, सहा वाजता." तो आला नाही. कोणीच संध्याकाळी येत नाही.

अपील मी केलं. हवालदारांची इच्छा नव्हती. "बोर्ड झालं, ऑर्डर निघाली, आता काहून उकरून राहिली?" म्हणाले. मी म्हणाले, पैशाचं सोडा, पण तुमचं तोंड उघडून वास घेतला ना, ते कशामुळे झालं हे त्यांच्या कागदावर त्यांच्या हाताने लिहून यायला पाहिजे. हे ऐकल्यावर त्यांनी पेन मागितलं. सही केली, तीही सकाळी.

अपिलाच्या आधी मी त्यांना समता कॉलोनीतल्या नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तरुण पोरगा आहे, पण त्याचा एक मोठा गुण म्हणजे तो संध्याकाळी बसतो. त्याला माझा खरा नवरा भेटला. त्याने छताकडे एकटक बघायला सांगितलं. हवालदार बघत राहिले आणि थोड्याच वेळात दोन्ही पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली आल्या. मग पन्नासपर्यंत मोजायला सांगितलं. तिसाच्या आतच आकडे नाकात गेले आणि पुढचे तर ऐकूच आले नाहीत. मला रडू आलं, पण बरंही वाटलं. कोणीतरी पाहिलं होतं.

"आंटी, बोर्डवालों से बोलिए कि यही टेस्ट करें," डॉक्टर म्हणाला. "गोली कितने बजे ली, वो भी बताइए. गोली के असर में तो ये नॉर्मल ही दिखेंगे."

"उस दिन गोली न दें तो?" मी विचारलं.

"नहीं आंटी. साँस अटक सकती है. खेल मत कीजिए." मग तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "घंटा-आधा घंटा लेट तो सबसे हो जाती है."

स्कूटी मी चालवते. मागून हवालदारांचा आवाज आला, नाकातला, तुटक. "म्हंजे आता नाटक करू म्या?"

"नाटक काहून जी? जे हाय ते दाखवाचं."

 घरी पोचल्यावर ते खुर्चीत बसून, जबड्याला हात लावून म्हणाले, "चेहरा पाडून सिक रिपोर्टले येणारा पोट्टा म्या दुरून ओळखत होतो. पहिले त्यालेच ग्राउंडचा चक्कर देत होतो."

हीच सगळी गोम आहे. ज्या माणसाने उभी नोकरी आजाराचं सोंग पकडण्यात घालवली, त्याला खरा आजारही सोंगच वाटतो. चेहरा पडला म्हणजे माणूस कामचोर, हे त्यांच्या हाडात भरलेलं आहे. रोग त्यांच्या चेहऱ्यावरच येऊन बसला, हे त्या रोगाचं कमालीचं हुशारीचं काम. गुडघ्यात बसला असता तर टक्के कधीच मिळाले असते.

बोर्डाचं बोलावणं आलं आणि हवालदार सदर बाजारात जाऊन नवा टाय घेऊन आले. कोट ड्रायक्लीनला दिला. पदकं काढून ब्रासोने घासली. मी म्हणाले, जुना शर्ट घाला. "भिकारी बनून जाऊ?" म्हणाले.

मुलगी दारातून हे बघत होती. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं. "पापा, किसी की शादी में जा रहे हो क्या?"

"बोर्ड शादी से बड़ा होता है बेटा," ते म्हणाले, आणि त्यात जराही गंमत नव्हती.

बोर्ड बाहेरगावी होतं. आम्ही आदल्या दिवशी पोचलो आणि सकाळी वेळेच्या आधीच त्या इस्पितळाच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. मी हिरमुसले होते. शेजारी बसलेला माणूस अगदी सकाळचा होता, ब्लेझर, टाय, पदकं, चमचम बूट. एवढ्या तयारीने तर ते माझ्याशी लग्न करायलाही आले नव्हते. गोळ्यांचा डबा माझ्या पर्समध्ये होता आणि सकाळची गोळी त्यांनी घेतलेली होती. आता दहाला बोलावतील, दोन बोटं पुढे करतील आणि संपलं.

पण दहाला बोलावलं नाही. कोणी मोठा साहेब पाहणीला आला होता आणि सगळे डॉक्टर त्याच्या मागे फिरत होते. अकरा झाले, बारा झाले. बाहेर मे महिन्याचं ऊन, व्हरांड्यातला कूलर नुसता आवाज करत होता. बारानंतर दुसऱ्या गोळीची वेळ होते. हवालदारांनी माझ्या पर्सकडे पाहिलं. मी म्हणाले, "बोर्ड होऊ द्या, मंग देते." त्यांनी हट्ट केला नाही. मी त्यांच्या छातीकडे नजर लावून बसले. श्वास जरा जरी चुकला तर म्हणून डबा उघडून हातात होता. माझं चुकलं असं मला वाटत नाही. त्या टेबलाने मला दुसरा रस्ता ठेवला नव्हता.

जेवणाची सुट्टी झाली. सुट्टी संपली. आणि तीनच्या सुमारास मी जे बघितलं त्याने माझ्या अंगात वारं शिरलं. डावी पापणी खाली आली. मग उजवी. हवालदारांनी हनुवटीखाली हात लावला, विचार करत असल्यासारखा, पण मला तो हात माहीत आहे, तो जबडा धरायचा हात आहे. बाकावर शेजारी एक म्हातारे सुभेदार बसले होते. त्यांनी हवालदारांना कुठल्या पलटणीचे म्हणून विचारलं. हवालदारांनी सांगितलं. सुभेदारांना एक अक्षर कळलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. संध्याकाळचा माणूस सरकारच्या दारात बसला होता. ज्याला मी इतकी वर्षं खिचडी भरवली, ज्याचं बोलणं मी दुनियेला समजावून सांगत आले, तो आता स्वतःच आत जाणार होता. सरकारच्याच दिरंगाईने सरकारची चोरी पकडली होती. नवऱ्याचं तोंड लोंबताना बघून खूश होणारी बायको तुम्ही कधी पाहिली नसेल. मी होते. मी मनात म्हणत होते, अजून थोडं लोंबू दे.

शिपाई बाहेर आला. "साब लोग चाय पी रहे हैं. उसके बाद आपका नंबर है."

हवालदार उठले. भिंतीला हात लावत संडासाकडे गेले. मला वाटलं, लघवीला. बराच वेळ झाला तरी येईनात. मी घाबरले, श्वास अडकला की काय म्हणून उठून त्या दाराशी जाऊन उभी राहिले. आतून नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. हाक मारली तर आतून "हूं" आलं. मी पुन्हा बाकावर येऊन बसले.

ते परत आले तेव्हा चेहरा ओला होता. गार पाण्याने डोळे धुतले की पापण्या थोडा वेळ उचलतात, हे त्यांना मीच शिकवलं होतं. टायची गाठ नीट झाली होती. चहा लांबला. आम्ही बसून राहिलो. आणि माझ्या डोळ्यांदेखत डावी पापणी हळूहळू वर गेली. मग उजवी. हनुवटीखालचा हात गुडघ्यावर गेला. मान ताठ झाली.

"अजी, तुम्ही गोळी घेतली?" मी विचारलं.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. गोळ्यांची एक पट्टी घरूनच शिवून आणल्यासारखी तिथे ठेवलेली होती.

मग नाव पुकारलं गेलं. मला आत येऊ दिलं नाही, पण दार पूर्ण लागत नव्हतं. बूट आपटल्याचा आवाज आला, दोन्ही टाचा एकदम.

"कैसे हो उस्ताद?"

"एकदम ठीक हूँ साब."

आवाज पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. शेजारचे सुभेदार माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभीजी, आवाज तो कड़क है." त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं. मघाशी बाकावर बसून बायकोसमोर नखरे करणारा हा माणूस.

"कोई तकलीफ?" आतून विचारलं.

"शाम को थोड़ी थकान साब."

थोड़ी. रोग आल्यापासूनच्या माझ्या संसारातल्या सगळ्या संध्याकाळी त्या एका शब्दात बसवल्या. आतला साहेब हसला आणि म्हणाला, "उमर है भाई, हमको भी होती है." समता कॉलोनीच्या डॉक्टरचं पत्र फाइलीत होतं. ते साहेबाने बघितलं की नाही, मला माहीत नाही. छताकडे बघायला कोणी सांगितलं नाही, हे नक्की. सांगितलं असतं तरी गोळीने त्या दिवशी पापण्या पडू दिल्या नसत्या.

आम्ही रिक्षात बसलो. मग मला राहवलं नाही. "काहून केलं असं? काहून जी? माह्या जिवाची काय हालत केली तुम्ही आज."

ते बाहेर बघत होते. "आतमंदी बसलेला साहेब माह्यापेक्षा केवढा लहान होता, पायलं का तू? असे पोट्टे म्या ग्राउंडवर उभे केले, मान वर, नजर सामने म्हणून. त्याच्यासमोर तोंड लोंबवून कसा उभा राहू मी?"

मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी दयाही आली, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस काही करू शकत नाही. मी पर्समधून डबा काढला, रुमाल काढला आणि पुन्हा दोन्ही आत ठेवले. त्यांनी वर माझीच समजूत काढली. म्हणाले, "खोटं तं नाही बोललो ना. त्या टायमाले ठीकच होतो."

निकाल पावसाळा संपता संपता आला. टक्के पंधराच. नोकरीशी संबंध नाही. प्रकृती समाधानकारक. ही ओळ मी दोनदा वाचली. कोणाचं समाधान झालं, तेवढं लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळ होती आणि हवालदारांना अक्षरं दुहेरी दिसत होती म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं.  "समाधानकारक" ऐकून त्यांनी मान हलवली, म्हणजे शाबासकी मिळाली अशी. मी खिचडीचं ताट त्यांच्यासमोर आपटलं.

"मम्मी, अगली बार वीडियो बना लेते हैं," मुलगी म्हणाली. "शाम का. वही भेज देंगे." एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी बोर्डाला संध्याकाळी इकडे कसं आणू या विचारात पडलेली, आणि ती म्हणते संध्याकाळच तिकडे पाठवू. असा व्हिडिओ चालतो की नाही हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पण तिने मोबाइल समोर धरला.

मोबाइल दिसताच हवालदारांनी बनियनवर शर्ट चढवला. वरचं बटण लावलं. केसांवरून हात फिरवला. खुर्चीत ताठ बसले. डावी पापणी वर जात नव्हती, ती बोटाने उचलली आणि धरून ठेवली.  या माणसाला सांगून काही होत नाही, हे मला आता पुरतं कळलं आहे. मी फक्त मोबाइलच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि त्या साहेबांच्या आवाजात विचारलं, "कैसे हो उस्ताद?"

त्यांनी जीव खाऊन उत्तर दिलं. मान थरथरली, जबडा हलला, नाकातून काहीतरी आलं आणि शेवटी हनुवटी छातीवर पडली. बोट मात्र पापणीवरून हललं नाही.

मुलीने व्हिडिओ लावला. मग आवाज वाढवून पुन्हा लावला. "मम्मी, पापा क्या बोल रहे हैं?" तिने विचारलं.

"एकदम ठीक हूँ साब, म्हणून राहिले," मी म्हणाले.